जुन्या गाडीला कॉइलओव्हर बनवून बसवायचे असतील तर ग्राइंडरच्या आधी मोजपट्टी काढा

कॉइलओव्हर म्हणजे शॉकभोवतीच (डॅम्परभोवती) बसवलेली, उंची कमी-जास्त करता येणारी स्प्रिंग. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऐंशीच्या दशकातली, मागच्या चाकांना ताकद देणारी सेदान. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे सेमी-ट्रेलिंग आर्म (पुढच्या टोकाला तिरक्या पिव्होटवर हलणारा, मागच्या टोकाला चाक धरणारा आर्म). मागची स्प्रिंग वेगळी, शॉक वेगळा. तयार किट मिळत नाही, म्हणून जुन्या स्ट्रटवरची स्प्रिंगची बशी कापून तिथे थ्रेडेड स्लीव्ह (बाहेरून आटे असलेली नळी, तिच्यावर फिरणारी कॉलर स्प्रिंगला धरते) चढवायची, आत नवं इन्सर्ट (तयार डॅम्पर) टाकायचं, मागेही शॉकवरच स्प्रिंग घ्यायची आणि गाडी ५० मिमी खाली आणायची. स्प्रिंग ६ किलोची (म्हणजे १ मिमी दाबायला ६ किलोचा जोर लागणारी) घेऊ का आणि वेल्डिंग मिगने (तार आपोआप पुरवणाऱ्या मशीनने) चालेल का, हेही विचारलंय.

आधी सरळ उत्तरं देतो. पुढचं काम जरूर करा, घरच्या वर्कशॉपमध्ये होण्यासारखं आहे. मागचं मात्र तुम्ही म्हणता तसं करू नका. रस्त्यावर चालवायच्या गाडीला ६ किलो फार होतात. ५० मिमी खाली आणण्याचा हट्ट सोडा, ३० वर थांबा. मिगने काही जोड होतील, एक जोड मात्र टिगनेच (टंगस्टन इलेक्ट्रोडच्या, सावकाश आणि नेमक्या वेल्डिंगने) करा. आता कारणं.

पुढचं काम सोपं का, ते पाहा. मॅकफर्सन स्ट्रट हा मुळातच जवळजवळ कॉइलओव्हर असतो. फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांत १९५० च्या सुमारास ही रचना मोठ्या प्रमाणावर आली, तेव्हापासून तिचं तत्त्व तेच आहे: स्प्रिंग डॅम्परभोवती आणि गाडीचं वजन स्ट्रटच्या वरच्या माउंटमधून थेट टॉवरवर (चाकाच्या वरच्या, बॉडीच्या उभ्या भागावर). तुम्ही बशी काढून स्लीव्ह चढवलीत तरी वजन त्याच वाटेने जातं. टॉवरचा पत्रा, त्याचे स्पॉट-वेल्ड, वरचा माउंट, सगळं त्या भारासाठीच बनवलेलं आहे. डॅटसन २४०झेडसारख्या गाडीला तर पुढे-मागे दोन्हीकडे स्ट्रटच आहेत, त्यामुळे तिथे चारही कोपऱ्यांवर हेच काम करता येतं.

तुमच्या गाडीच्या मागच्या बाजूची गोष्ट वेगळी. तिथे वजन स्प्रिंगच्या खोबणीतून चासीच्या जाड भागावर जातं. शॉकचा वरचा माउंट म्हणजे बहुतेक वेळा चाकाच्या कमानीवरचा एक मजबूत केलेला पत्रा, त्याला दोन-तीन बोल्ट. खाली आर्मला एक पिन, तीही एकाच बाजूने धरलेली. कारखान्याने ती जागा फक्त डॅम्परच्या जोरासाठी ठेवलेली असते. हिशेब करून बघा. मागच्या एका कोपऱ्यावर २०० किलो स्प्रंग (स्प्रिंगने उचललेलं) वजन धरलं आणि शॉकचं मोशन रेशो (चाक जितकं हलतं त्याच्या किती पट शॉक हलतो ते) ०.९ असलं, तर गाडी नुसती उभी असतानाच त्या माउंटवर साधारण २२० किलोचा भार सतत बसणार. खड्ड्यात तिप्पट धरायचा, म्हणजे साडेसहाशे किलो. पिन वाकते, बुश (सांध्यातलं रबर) फाटतो, पत्र्याला माउंटभोवती गोल चीर जाते. आणि ही चीर गालिच्याखाली किंवा अंडरकोटिंगच्या थराआड असते, म्हणून ती दिसायच्या आधी ऐकू येते.

दुसरी गंमत स्प्रिंगच्या ताकदीची. चाकाला जाणवणारी ताकद म्हणजे स्प्रिंगची ताकद गुणिले मोशन रेशोचा वर्ग. चाक १० मिमी वर गेल्यावर स्प्रिंग ६.५ मिमी दबत असेल तर रेशो ०.६५. सेमी-ट्रेलिंग आर्मवर स्प्रिंग पिव्होटच्या जवळ असते, म्हणून रेशो असा कमी. शॉक चाकाजवळ असतो, म्हणून त्याचा जास्त. ८ किलो/मिमीची स्प्रिंग जुन्या जागी ०.६५ रेशोने चाकाला ३.४ किलो देते. तीच उचलून शॉकवर ०.९ रेशोने बसवली की साडेसहा. स्प्रिंग तीच, पण गाडी मागून जवळपास दुप्पट कडक. ‘माझी ओरिजिनल इतक्या किलोची होती म्हणून तेवढीच घेतली’ असं सांगणाऱ्यांचं घोडं इथेच अडतं.

म्हणून मागे स्प्रिंग जिथे आहे तिथेच राहू द्या. खोबणीत बसणारा थ्रेडेड अॅडजस्टर लेथवर करून घ्या, वर किंवा खाली जिथे हात पोचेल तिथे, आणि सोबत लांबीने योग्य असा चांगला डॅम्पर लावा. उंची कमी-जास्त होते, रेशो तोच राहतो, शॉकच्या माउंटला हात लावावा लागत नाही. दिसायला याला कॉइलओव्हर म्हणता येणार नाही, पण चाकाला ते कळत नाही.

तरीही शॉकवरच स्प्रिंग हवी असेल, तर ते सस्पेन्शनचं नव्हे, चासीचं काम आहे असं समजून करा. वरच्या माउंटखाली किमान ३ मिमीची प्लेट, ती नुसती कमानीच्या पत्र्याला नाही तर चासीच्या रेल किंवा क्रॉसमेंबरपर्यंत नेऊन जोडलेली. दोन्ही टॉवर एका आडव्या नळीने बांधलेले. खालची पिन काढून तिथे दोन्ही बाजूंनी धरणारा ब्रॅकेट, ज्यात बोल्ट दुहेरी कातरीत बसतो. एवढं करायची तयारी असेल तर जरूर करा, काम चांगलं होतं. नसेल तर मधला मार्ग नाही. (पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या गाडीला तर आणखी एक अट: पाटा वजन उचलतो आणि अॅक्सल जागेवरही धरतो. तो काढला की चार लिंक आणि अॅक्सल आडवा सरकू न देणारा पॅनहार्ड रॉड किंवा वॅट लिंकेज आधी बनवावं लागतं, स्प्रिंगचा विचार त्यानंतर.)

आता मोजमाप. सगळ्यांचं लक्ष उंचीवर असतं, पण ठरवायची असते चाकाची हालचाल. चाक वर किती जाऊ शकतं, खाली किती लटकू शकतं, आणि त्यातलं वर जाणं कुठली वस्तू आधी थांबवते. ती वस्तू बंप स्टॉप, म्हणजे शेवटी दबणारा रबरी ठोकळाच असली पाहिजे. इन्सर्टच्या आतला पिस्टन तळाला आपटणं, स्प्रिंगच्या वेटोळ्या एकमेकींना टेकणं, टायर कमानीला घासणं, हे सगळं बंप स्टॉप पुरता दबल्यानंतरही व्हायला नको.

मोजायची पद्धत जुनी आणि खात्रीची आहे. गाडी पक्क्या स्टँडवर घ्या, स्प्रिंगा काढा, डॅम्पर आणि चाक लावा, आणि चाकाखाली जॅक घेऊन ते हळूहळू वर उचला. प्रत्येक १० मिमीला थांबून चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंतचं अंतर आणि डॅम्परची उघडी दांडी, दोन्ही लिहा. याच नोंदीतून मोशन रेशोही निघतो. मग स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून तेच पुन्हा. टायर कुठे घासतो, ब्रेकचा पाइप कुठे ताणला जातो, टाय-रॉड (चाक वळवणारा दांडा) कशाला लागतो, सगळं इथे दिसतं. अर्धा दिवस जातो, पण याच अर्ध्या दिवसात ठरतं की कुठे कापायचं आणि किती.

उदाहरण घ्या. मूळ उंचीवर समजा चाकाला वर जायला ७५ मिमी जागा होती. तुम्ही स्ट्रट तसाच ठेवून गाडी ५० ने खाली आणलीत, तर उरले २५. त्यात बंप स्टॉपच ४० मिमीचा असला तर गाडी कायमची स्टॉपवर बसलेली. मग लोक स्टॉप कापतात, मग इन्सर्टचा तळ फुटतो, आणि दोष इन्सर्ट बनवणाऱ्याला मिळतो. खाली आणायचं तर स्ट्रटची नळी तेवढीच आखूड करावी लागते आणि तिच्यात आखूड अंगाचं इन्सर्ट घ्यावं लागतं. क्रम नीट लक्षात घ्या: आधी इन्सर्ट निवडा, ते हातात येऊ द्या, मापा, आणि त्याच्या मापाने नळी कापा.

कापण्याआधी सुरक्षेचं, कारण यात चुकीला माफी नाही. जुनी स्प्रिंग काढताना दोन चांगले कॉम्प्रेसर समोरासमोर लावा. दबलेली स्प्रिंग सुटली तर हाड मोडते. स्ट्रट तेलाचा असेल तर वरचा ग्लँड नट (नळीचं तोंड बंद करणारा) खोलून आतली नळी, दांडी, तेल सगळं बाहेर काढा, नळी धुवा आणि पूर्ण वाळवा. धुताना क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर वापरू नका: त्याचा अंश धातूवर राहिला आणि वर आर्क पडला तर विषारी फॉस्जीन वायू तयार होतो. जस्ताचा मुलामा असेल तर वेल्डच्या जागी तो घासून काढा. आणि गॅस भरलेल्या, सीलबंद मोनोट्यूब डॅम्परच्या अंगावर ना ग्राइंडर, ना वेल्डिंग. तसा स्ट्रट असेल तर हे सगळं काम त्याच्यासाठी नाहीच.

बशी कापताना घाई नको. ती नळीला गोलाकार वेल्डने जोडलेली असते आणि नळीची भिंत जेमतेम २-३ मिमी. डिस्क थेट वेल्डवर न धरता आधी बशी दोन-तीन तुकड्यांत उभी चिरा, तुकडे बाजूला करा, आणि राहिलेला वेल्ड फ्लॅप डिस्कने हळूहळू उतरवा. नळीत खाच पडली की तिथेच पुढे तडा सुरू होतो. काही जण बशीचा बाहेरचा भाग कापून आतली अरुंद कड तशीच ठेवतात आणि स्लीव्ह त्या कडेवर बसवतात. कड सपाट आणि योग्य उंचीवर असेल तर मला ही युक्ती आवडते: कारखान्याचा वेल्ड शाबूत राहतो, नवा कमी करावा लागतो.

स्लीव्ह घेण्याआधी नळीचा बाहेरचा व्यास व्हर्निअरने चार-पाच जागी, प्रत्येक जागी दोन दिशांनी मोजा. जुन्या नळ्या पूर्ण गोल नसतात. स्लीव्ह हाताने सरकली पाहिजे पण खडखडली नाही पाहिजे. थोडी सैल असेल तर खोबणीत ओ-रिंग घालून मध्यावर आणतात. स्प्रिंगचा आतला व्यास ६० मिमी की ६३.५ मिमी हे स्लीव्हच्या कॉलरशी जुळवूनच मागवा. टेबलावर दोन्ही सारख्याच दिसतात, पण ६३.५ ची स्प्रिंग ६० च्या कॉलरवर एका बाजूला सरकून बसते आणि मग कॉलरला घासत करकरत राहते.

स्लीव्ह ज्या रिंगवर टेकणार ती ६-८ मिमी जाडीची पोलादी रिंग घ्या. तिची जागा अशी ठरवा की तुमच्या ठरलेल्या उंचीवर कॉलर थ्रेडच्या मधल्या भागात येईल, वर-खाली दोन्हीकडे २५ मिमी तरी उरतील. पूर्ण गोल वेल्ड मारू नका. समोरासमोर चार टॅक, मग १५-२० मिमीचे चार टाके, प्रत्येक टाक्यानंतर थंड होऊ द्यायचं, आणि वेल्ड फक्त खालच्या बाजूने, म्हणजे वरचा चेहरा सपाट राहतो. चार टाक्यांचा हा जोड भाराच्या हिशेबाने पुरून उरतो. जास्त उष्णता दिलीत तर नळी आत आवळते आणि इन्सर्ट अडकतं. दर दोन टाक्यांनंतर नळी थंड झाल्यावर इन्सर्ट घालून बघा. हा जोड मिगने बिनधास्त करा, फक्त मशीनचा करंट नळीच्याच जाडीच्या भंगार तुकड्यावर आधी जुळवून घ्या आणि तो तुकडा कापून वेल्ड आत किती गेलाय ते पाहा.

टिग हवं ते नळी आखूड करताना. कापायचं ग्लँड नटच्या थ्रेडपासून लांब, खालच्या सरळ भागात, शक्यतो रिंगच्या खाली, म्हणजे जोडावरून स्लीव्ह जायची नाही. चाकाचा नकल (नळीच्या खालचा, चाक धरणारा भाग) ओतीव असेल तर त्याच्या अगदी जवळ कापू नका, ओतीव लोखंडाजवळची उष्णता नको. अनेक जण सांगतील की आतून एक नळी घालून जोड मजबूत करा. आत इन्सर्ट बसायचंय, जागा कुठली? इन्सर्ट आणि नळी यांच्यात एखाद-दुसरा मिलिमीटर असतो. म्हणून दोन्ही टोकांना व्ही आकाराची धार काढा, नळी अँगलच्या खाचेत आवळून सरळ ठेवा, आणि टिगने मुळापर्यंत वेल्ड घ्या. आत आलेला थेंब होनिंगने (आतून घासून) साफ करा. हवी तर बाहेरून एक आखूड नळी कॉलरसारखी चढवून तिचीही दोन्ही टोकं वेल्ड करा, मी तसंच करतो. ज्याचा टिगवर हात बसलेला नाही त्याने हा एक जोड अनुभवी वेल्डरकडून करून घ्यावा. चाक गाडीला धरून ठेवणारा जोड आहे हा, सायलेन्सरचा ब्रॅकेट नव्हे.

इन्सर्ट बसवताना एक बारीक गोष्ट नेहमी राहून जाते. ग्लँड नट पूर्ण आवळल्यावर त्याने इन्सर्टला दाबलं पाहिजे, नळीच्या कडेला नव्हे. नटची कड आणि नळीचं तोंड यांच्यात १-२ मिमी फट दिसली पाहिजे. फट नसेल तर इन्सर्ट आत मोकळं आहे. तळाशी योग्य जाडीची चकती टाका. नाहीतर प्रत्येक खड्ड्याला टक टक आवाज येईल आणि तुम्ही बॉल जॉइंट (खालच्या आर्मच्या बाहेरच्या टोकाचा गोल सांधा) बदलत बसाल. इन्सर्टभोवती थोडं इंजिन ऑइल ओता, ते उष्णता बाहेरच्या नळीकडे नेतं आणि गंज रोखतं. काठोकाठ भरू नका, तेल तापलं की फुगतं.

वरच्या माउंटबद्दल माझं मत अनेकांना पटणार नाही. रस्त्याच्या गाडीला गोलाकार बेअरिंगवाली कॅम्बर प्लेट (कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल बदलता येणारा वरचा माउंट) लावू नये. चांगला रबरी माउंट आणि त्याखाली लहान स्प्रिंगसाठी अॅडॉप्टर पुरेसा आहे. बेअरिंगमध्ये धूळ-पाणी जातं, आवाज येतो, आणि सगळं वजन त्याच्यावरून जात असेल तर ते लवकर संपतं. रबरी माउंट ठेवा किंवा प्लेट लावा, स्टेअरिंग वळवताना स्प्रिंग फिरायला मोकळी हवी. मूळ माउंटचं बेअरिंग तसंच राहत नसेल तर स्प्रिंगच्या वर थ्रस्ट बेअरिंग घाला. नाहीतर स्प्रिंग पिळते, मग सुटते, आणि पार्किंगमध्ये ‘टंग’ असा आवाज येतो.

आता ते ६ किलो. स्प्रिंग निवडायचा सोपा आधार म्हणजे गाडीची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे दाबून सोडल्यावर कोपरा सेकंदाला किती वेळा वर-खाली झाला असता ते. साध्या प्रवासी गाड्या १ ते १.५ हर्ट्झच्या आसपास असतात, रस्त्यावरच्या चपळ गाड्या १.५ ते २, त्यापुढे ट्रॅकचं राज्य. तुमच्या पुढच्या कोपऱ्यावर चाक-ब्रेकसह २७० किलो येतात असं धरू. त्यातले स्प्रिंगच्या खालचे ३५ वजा केले की २३५. १.७ हर्ट्झसाठी चाकाला २६.८ न्यूटन/मिमी हवेत. स्ट्रटचं मोशन रेशो ०.९५ धरून स्प्रिंग निघते २९.७ न्यूटन/मिमी, म्हणजे ३ किलो/मिमी किंवा १७० पौंड/इंच. तुमच्या ६ किलोच्या स्प्रिंगने हेच २.४ हर्ट्झ होतात. गुळगुळीत ट्रॅकवर मजा येईल. खडबडीत रस्त्यावर चाक जमिनीला चिकटून राहण्याऐवजी उड्या मारेल आणि पकड कमीच होईल. मी तुमच्या जागी असतो तर ३ ते ३.५ घेतली असती.

लांबीचाही हिशेब याच आकड्यांतून येतो. उभ्या गाडीत ही ३ किलोची स्प्रिंग साधारण ८२ मिमी दबलेली असेल. वर ६० मिमी हालचाल आणि थोडी राखीव जागा धरली तर वेटोळ्या टेकायच्या आत १५५ मिमी दबणारी स्प्रिंग हवी. २०० मिमीच्या अनेक स्प्रिंगांना हे जमत नाही. निर्मात्याने दिलेली पूर्ण दबलेली उंची बघूनच २०० की २५० ते ठरवा. उलट बाजूही तपासा: चाक पूर्ण लटकलेलं असताना स्प्रिंग ढिली पडून जागेवरून हलता कामा नये. हलत असेल तर हेल्पर स्प्रिंग लावा, ती मुख्य स्प्रिंगला फक्त जागेवर धरते. मागच्या खोबणीत हे जास्त महत्त्वाचं, तिथून ढिली स्प्रिंग बाहेरच पडू शकते.

मागची वारंवारता पुढच्यापेक्षा १०-१५ टक्के जास्त ठेवा. अडथळ्यावर पुढचं चाक आधी चढतं, मागचं नंतर. मागची बाजू थोडी जलद असेल तर ती पुढच्या डोलण्याला गाठते आणि गाडी नाक खाली-वर करत न जाता सपाट बसते. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेल्या मॉरिस ऑली यांनी १९३० च्या दशकात मांडलेला हा नियम अजूनही रस्त्याच्या गाडीला लागू पडतो.

कॉलर आवळून ‘प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते’ हा गैरसमज मात्र हटता हटत नाही. एकसारख्या दराच्या स्प्रिंगची ताकद आवळल्याने बदलत नाही. स्लीव्हच्या प्रकारात कॉलर फिरवली की फक्त उंची बदलते, आणि उंचीबरोबर वर-खालच्या हालचालीची वाटणी. कडकपणा जाणवतो कारण गाडी डॅम्परच्या दुसऱ्या टोकाजवळ काम करू लागते.

डॅम्पर स्प्रिंगला जुळणारा हवा. स्प्रिंग दुप्पट केली तर तेवढ्याच दमनाच्या प्रमाणासाठी डॅम्परचा जोर सुमारे ४१ टक्के जास्त लागतो, कारण तो दुपटीच्या वर्गमुळाने वाढतो. जुनाच मऊ डॅम्पर ठेवला तर स्प्रिंग उलटताना त्याला आवरत नाही आणि गाडी वेगात तरंगते. इन्सर्ट विकणाऱ्याला स्प्रिंगचा आकडा सांगा आणि त्या आकड्याला व्हॉल्व्हिंग (डॅम्परच्या आतल्या झडपांची जुळणी) चालतं का ते लेखी घ्या. फक्त रिबाउंडची (स्प्रिंग उलटतानाच्या दमनाची) घुंडी असलेलं इन्सर्टही पुरे, चार-चार घुंड्यांचा मोह टाळा.

३० मिमीचा आग्रह का, तेही सांगतो. पुढचा खालचा आर्म आडवा किंवा बाहेरच्या टोकाला किंचित खाली असावा. गाडी जास्त खाली गेली की बॉल जॉइंटचं टोक वर जातं आणि रोल सेंटर (वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा बराच जास्त खाली घसरतो. परिणाम उलटा: खाली आणलेली गाडी वळणावर जास्त कलते, मग लोक आणखी कडक स्प्रिंग घालतात. ज्या गाड्यांत स्टेअरिंग आर्म स्ट्रटच्या खाली बोल्टने बसतो तिथे दोघांच्या मध्ये स्पेसर घालून बॉल जॉइंट आणि टाय-रॉडचं टोक दोन्ही खाली आणता येतात. लांब बोल्ट मात्र योग्य ग्रेडचेच, आणि स्पेसर रिममध्ये मावतो का ते आधी बघा. मागे सेमी-ट्रेलिंग आर्मवर उंचीबरोबर कॅम्बर आणि टो (वरून पाहता चाक आत की बाहेर वळलंय ते) दोन्ही बदलतात, आणि जुन्या गाड्यांत ते परत जुळवायची सोय बहुधा नसते. ३० मिमीपर्यंत टायर सहसा सहन करतो.

जोडणी करताना रबरी बुश असलेले बोल्ट चाकं लटकलेली असताना पूर्ण आवळू नका. गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीनदा दाबून बसू द्या, आणि त्या उंचीवर आवळा. लटकत्या अवस्थेत आवळलेला बुश कायम पिळलेला राहतो आणि वर्षाच्या आत फाटतो. अँटी-रोल बारचे (गाडीचं कलणं आवरणाऱ्या दांड्याचे) लिंक नव्या उंचीला आखूड करावे लागतील. ब्रेकचे पाइप पूर्ण लटकत्या चाकाला, पूर्ण वळणावर ताणले जाता कामा नयेत.

मागच्या ब्रेकला भार ओळखणारा व्हॉल्व्ह असेल, म्हणजे आर्म किंवा अॅक्सलपासून एक दांडी किंवा छोटी स्प्रिंग वरच्या व्हॉल्व्हला गेलेली असेल, तर इथे थांबा. गाडी खाली आली की त्या व्हॉल्व्हला वाटतं डिकीत सामान भरलंय, आणि तो मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी फिरते. दांडीची लांबी नव्या उंचीला जुळवायलाच हवी, आणि मग मोकळ्या जागेत कमी वेगापासून सुरुवात करून पुढची चाकं आधी लॉक होतात याची खात्री करा.

शेवटी अलाइनमेंट, पण लगेच नाही. आधी १०० एक किलोमीटर चालवा, स्प्रिंगा आणि बुश बसू द्या, कॉलर तपासा, उंची पुन्हा जुळवा, ग्लँड नट आणि सगळे बोल्ट पान्याने पाहा, वेल्डजवळ रंगाला चीर गेली आहे का ते बघा. मग कॅम्बर, कॅस्टर (स्टेअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल), टो. यानंतर कॉलर फिरवलीत तर टो पुन्हा मोजावा लागेल. चार वजनकाटे मिळाले तर कोपऱ्यांचं वजनही जुळवा: चालकाच्या जागी त्याच्या वजनाची गोणी, अँटी-रोल बार सोडलेला, टायरमध्ये योग्य हवा. एक कॉलर वर केली की तो कोपरा आणि त्याच्या तिरक्या समोरचा कोपरा, दोघांवर वजन वाढतं. दोन्ही तिरक्या जोड्या निम्म्या-निम्म्या आल्या की थांबा. ‘दिसायला सरळ’ करण्यासाठी नंतर एखादा कोपरा खाली-वर केलात तर सगळं पाण्यात. हेडलाइटचा रोखही बदललेला असतो, तो जुळवा. तुमच्याकडे अशा बदलाला तपासणी किंवा नोंद लागत असेल आणि विमा कंपनीला कळवावं लागत असेल, तर कापण्याआधी विचारून घ्या, कारण कापलेला स्ट्रट परत मूळचा होत नाही. एक जुना जोड मिळाला तर त्यावरच काम करा आणि स्वतःचा तेल लावून ठेवून द्या.

स्लीव्हचे थ्रेड अॅल्युमिनियमचे असतात. पहिल्याच दिवशी अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारं वंगण) लावा, आणि फिरवण्याआधी दर वेळी पितळी ब्रशने माती काढा. मातीसकट कॉलर फिरवली की थ्रेड खातो, मग पुढे कॉलर फिरतच नाही. प्रत्येक कोपऱ्यावर कॉलरच्या खाली किती थ्रेड दिसतात ते वहीत लिहून ठेवा.

मागच्या स्प्रिंगचा आकडा मी मुद्दाम दिला नाही, कारण तुमच्या आर्मची मापं माझ्याकडे नाहीत. आर्मच्या पिव्होटच्या रेषेपासून स्प्रिंगच्या मध्यापर्यंतचं आणि चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, मागच्या एका चाकावरचं वजन, आणि जॅकने उचलून केलेल्या नोंदी पाठवा. त्यावरून १.९ हर्ट्झला बसणारी स्प्रिंग आणि अॅडजस्टरची उंची काढून देतो.